भार तोच, वाक वाढता

पुस्तकांचे कपाट नवे असते तेव्हा त्याची फळी सरळ असते. तिच्यावर शब्दकोश, दिवाळी अंकांचे गठ्ठे, बांधीव ग्रंथ रचले की ती केसभर वाकते आणि थांबते, निदान तसे वाटते. पाच-सात वर्षांनी रंगकामासाठी कपाट हलवायची वेळ येते आणि लक्षात येते, की फळी मधोमध चांगली बोटभर खाली आली आहे. पुस्तके उतरवली तरी ती सरळ होत नाही.

यात एक कोडे आहे. भार पहिल्या दिवशी होता तेवढाच राहिला. फळीला तो झेपत होता, कारण ती मोडली नाही. मग वाक वाढला कशाने?

शाळेत शिकलेला हूकचा नियम इथे उपयोगी पडत नाही. स्प्रिंगला दुप्पट वजन टांगले की ती दुप्पट ताणली जाते आणि वजन काढले की पूर्ववत होते, असे तो सांगतो. वजन मिनिटभर टांगले की दहा वर्षे, याला त्या नियमात जागाच नाही. प्रत्यक्षात फरक पडतो. वाळत घालायची नायलॉनची दोरी कितीही ताणून बांधली तरी महिन्याभरात पोट सोडते. गच्चीवरून नेलेला पीव्हीसी पाइप दोन क्लॅम्पांच्या मध्ये उन्हात झोळ धरतो. जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळयासुद्धा मध्यावर उतरलेल्या दिसतात, आणि सागासारखे भरवशाचे लाकूड आपल्याकडे दुसरे नाही.

घन पदार्थावर सतत ताण राहिला तर, तो ताण पदार्थाला तोडण्याइतका नसला तरीही, पदार्थ हळूहळू आकार बदलत राहतो. अभियंते याला ‘क्रीप’ म्हणतात, मराठी पुस्तकांत ‘विसर्पण’ हा शब्द भेटतो. पुलांपासून विमानाच्या इंजिनापर्यंत आणि हिमनद्यांपासून पृथ्वीच्या पोटापर्यंत ही क्रिया अखंड चालू आहे. तिचा वेग इतका कमी असतो, की मोजल्याशिवाय ती दिसत नाही.

अँड्रेडची तार

या हालचालीचे पहिले नेटके मोजमाप लंडनमध्ये एडवर्ड अँड्रेड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने केले आणि १९१० साली प्रसिद्ध केले. त्याने शिशाच्या तारांना वजन टांगले आणि त्या किती लांबतात हे वेळेनुसार टिपले. शिसे निवडण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

प्रयोगात एक अडचण होती. तार लांबते तशी बारीक होते. वजन तेच राहिले तरी ते आता कमी जाडीवर येते, म्हणजे ताण वाढतो. मग तार लांबली ती काळामुळे की वाढलेल्या ताणामुळे, हे कसे ठरवायचे? अँड्रेडने तारेखाली खास आकाराचे वजन लावले आणि ते द्रवात सोडले. तार लांबली की वजन द्रवात आणखी बुडे, द्रव त्याला वर उचलून धरे आणि तारेवरचा भार नेमका तेवढा कमी होई, जेवढी तिची जाडी घटली असेल. ताण कायम राहिला. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

त्याला दिसले ते असे. वजन टांगताच तार क्षणात थोडी लांबते. त्यानंतर ती वेगाने सरकू लागते, पण हा वेग उतरत जातो. सुरुवातीची वाढ दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो. मग एक लांबलचक काळ असा येतो, की तार संथ आणि जवळपास एकसारख्या गतीने लांबत राहते. शेवटी वेग पुन्हा वाढतो आणि तार तुटते. पुढच्या अभ्यासकांनी या तीन टप्प्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा क्रीप म्हटले. बहुतेक वस्तूंचे सारे उपयुक्त आयुष्य दुसऱ्या टप्प्यात जाते. तिसरा टप्पा सुरू झाल्याचे ओळखता आले तर अपघात टाळता येतो, म्हणून तपासणीचा सगळा भर तिथे असतो.

आत काय चालते

धातूच्या आत अणू ओळीने, थरावर थर असे रचलेले असतात. ही रचना निर्दोष नसते. काही जागा रिकाम्या असतात, काही ठिकाणी एखादी ओळ मध्येच संपते. शिवाय अणू स्थिर उभे नसतात. उष्णतेमुळे ते आपापल्या जागी सतत थरथरत असतात.

संध्याकाळच्या सहा-सव्वासहाच्या गर्दीतली मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. दारातली माणसे आत ढकलत आहेत, पण गाडी फलाटावर उभी असेपर्यंत त्या रेट्याने कोणी हलत नाही. गाडी सुटते. रुळांचे सांधे, वळणे, ब्रेक यांमुळे सगळे डोलू लागतात. एका धक्क्यात कुणाच्या शेजारी वीतभर जागा मोकळी होते. दारातल्या रेट्यामुळे ती जागा बाहेरच्या बाजूचा माणूस घेतो, त्याची जागा त्याच्यामागचा. मोकळी जागा दाराकडे सरकत येते आणि माणसे आत. पुढच्या धक्क्याला पुन्हा तेच. दादरला दारात लटकणारा माणूस घाटकोपर यायच्या आत पंख्याखाली पोचलेला असतो. कुणीही धावले नाही, कुणी कुणाला तुडवून गेले नाही.

दारातला रेटा म्हणजे ताण. गाडीचे हिसके म्हणजे उष्णता. वीतभर मोकळी जागा म्हणजे अणूंच्या रचनेतली रिकामी जागा. रेटा एकटा पुरत नाही, कारण तो अणूला जागेवरून उपटण्याइतका मोठा नसतो. हिसके एकटेही पुरत नाहीत, कारण ते सगळ्या दिशांना सारखेच बसतात. दोन्ही एकत्र आले की कोट्यवधी आंधळ्या उड्यांमध्ये एका दिशेची बारीकशी पसंती शिरते. ती पसंती वर्षानुवर्षे साठत जाते आणि तिचा वाक होतो.

मध्येच संपलेल्या ओळींचे काम आणखी महत्त्वाचे आहे. धातू वाकतो तो मुख्यतः या अर्धवट ओळी सरकल्यामुळे. वाटेत एखादा परका कण आला की ओळ अडते, आणि म्हणूनच मिश्रधातू शुद्ध धातूपेक्षा कणखर असतो. पण एखादी रिकामी जागा फिरत फिरत त्या अडलेल्या ओळीपाशी पोचली, की ओळीला एक पायरी वर चढायला मिळते. अडथळा ओलांडून ती पुढे जाते आणि पुढच्या अडथळ्यापाशी थांबते. थांबणे, चढणे, सरकणे हे चक्र चालू राहते.

लाकूड आणि प्लास्टिक यांत अशी स्फटिकी रचना मुख्य नाही. तिथे लांब साखळ्यांसारखे रेणू एकमेकांत गुंतलेले असतात आणि ताणाखाली ते हळूहळू सुटे होत, घसरत जातात. लाकडाच्या बाबतीत ओलाव्याचा मोठा हात आहे. भाराखालचे लाकूड पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सुकते. प्रत्येक फेरीत रेणूंमधले काही बंध सुटून नव्या जागी जुळतात आणि लाकूड थोडे अधिक वाकते. सतत कोरड्या किंवा सतत दमट हवेत जेवढे वाकेल, त्यापेक्षा ओल-सुकीच्या फेऱ्यांत ते जास्त वाकते. कोकणातल्या घरात लाकडाच्या भुश्याच्या दाबीव फळ्या लवकर झोळ धरतात त्यामागे हेही कारण आहे.

फळीवर इलाज सोपा आहे. सारख्या पसरलेल्या भाराखाली वाक हा आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर दुप्पट तर वाक सोळापट. म्हणून मधोमध एक उभा आधार दिला की वाक सोळाव्या हिश्श्याहूनही कमी होतो. जाड फळीवर पैसे घालवण्याआधी हा आधार द्यावा.

गरम म्हणजे किती गरम?

लोकलचे हिसके जितके जोराचे तितकी जागा लवकर मिळते. पदार्थांतही तापमान वाढले की क्रीपचा वेग वाढतो, आणि तो सरळ प्रमाणात न वाढता झपाट्याने चढतो. मात्र ‘गरम’ कशाला म्हणायचे हे प्रत्येक पदार्थागणिक वेगळे. कसोटी अशी: पदार्थ त्याच्या वितळण्याच्या तापमानाच्या किती जवळ आहे? ही तुलना निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे केल्विनमध्ये करायची. सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवले की केल्विन मिळतात. धातूंसाठी ढोबळ नियम असा, की वितळबिंदूच्या ३० ते ४० टक्क्यांच्या पुढे क्रीपची दखल घ्यावी लागते.

> चौकट : २७ अंश सेल्सिअसला (३०० केल्विन) कोण कुठे आहे?
>
> शिसे: ६०० केल्विनला वितळते. घरातच ते वितळबिंदूच्या ५० टक्क्यांवर आहे, म्हणून आपोआप सरकते.
>
> ॲल्युमिनियम: वितळबिंदू ९३३ केल्विन. सुमारे ३२ टक्के, म्हणजे उंबरठ्यावर.
>
> लोखंड: वितळबिंदू १८११ केल्विन. सुमारे १७ टक्के. घरात निर्धास्त, भट्टीजवळ नाही.
>
> टंगस्टन: वितळबिंदू ३६९५ केल्विन. सुमारे ८ टक्के. पण पेटलेल्या जुन्या बल्बमध्ये याच धातूची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि झोळ धरू शकते.
>
> बर्फ: वितळबिंदू २७३ केल्विन. उणे १० अंश सेल्सिअसचा बर्फसुद्धा ९६ टक्क्यांवर असतो. क्रीपच्या दृष्टीने तो अतिशय ‘गरम’ पदार्थ आहे.

अँड्रेडने शिसे का निवडले ते आता कळेल. काही तासांत परिणाम दाखवणारा आणि भट्टीशिवाय हाताळता येणारा धातू त्याला हवा होता. युरोपातल्या जुन्या चर्चच्या उतरत्या छपरांवर शिशाचे पत्रे असत. ते स्वतःच्याच वजनाने शतकभरात खाली घसरत.

हिमनदी, खडक आणि काच

हिमनदी ‘वाहते’ ती याच रीतीने. ती काही अंशी तळाच्या खडकावरून घसरते, पण तिच्या आतला घट्ट बर्फही स्वतःच्या वजनाखाली सतत आकार बदलत उताराकडे सरकत असतो. ताण दुप्पट झाला तर बर्फाच्या सरकण्याचा वेग सुमारे आठपट होतो. जॉन ग्लेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फाचे ठोकळे दाबून हा संबंध शोधला, आणि आजही गंगोत्रीपासून अंटार्क्टिकापर्यंतच्या बर्फाचे गणित त्याच पायावर मांडले जाते.

याच गणिताचा मोठा अवतार पृथ्वीच्या पोटात आहे. कवचाखालचे प्रावरण द्रवरूप आहे असा अनेकांचा समज असतो. ते जवळपास पूर्णपणे घन आहे. भूकंपाच्या ज्या लाटा द्रवातून जाऊच शकत नाहीत त्या प्रावरणातून आरपार जातात, हा त्याचा पुरावा. तरीही लाखो वर्षांच्या हिशेबात हा तापलेला खडक सरकतो, आणि त्याच्या आधारावर भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे जातो. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने जमीन दबली, खालचा खडक बाजूला सरकला. बर्फ वितळून दहा हजार वर्षे लोटली, पण तो खडक अजून परतच येतो आहे. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताचा किनारा आजही वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर वर येतो.

या ओघात एक लोकप्रिय गैरसमज खोडायला हवा. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा तळाशी जाड असतात, म्हणजे शतकानुशतके काच खाली ओघळली, असे सांगितले जाते. घराच्या तापमानाला काच इतकी कडक असते, की डोळ्यांना दिसेल एवढा ओघळ यायला चर्चच काय, मानवजातीचा सारा इतिहासही पुरणार नाही. त्या काळी काच फुंकून आणि फिरवून बनवत, त्यामुळे ती मुळातच असमान जाडीची असे.

बॉयलरच्या नळ्यांचे वय

चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसला, प्रचंड दाबाखाली नळ्यांतून वाहते. पोलादासाठी हे वितळबिंदूच्या ४५ टक्के झाले. म्हणजे या नळ्या पहिल्या दिवसापासून क्रीपच्या राज्यात आहेत. त्या फुगत जाणार हे गृहीत धरूनच त्यांचा आराखडा केलेला असतो. त्यासाठी एक लाख तास, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या आसपासचा अखंड वापर, हे माप जगभर वापरतात. आपल्याकडच्या बॉयलर नियमांतही ४०० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला चालणाऱ्या भागांची एक लाख तासांनंतर खास तपासणी करून उरलेले आयुष्य ठरवावे लागते.

तपासणीची एक पद्धत फार साधी आणि हुशारीची आहे. नळीचा छोटा भाग चकचकीत घासतात, रसायनाने किंचित कोरतात आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा दाबून पृष्ठभागाचा ठसा घेतात. नळी कापावी लागत नाही. ठसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की धातूच्या कणांच्या, म्हणजे तो ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या, सीमा दिसतात. क्रीप पुढे गेला असेल तर त्या सीमांवर बारीक पोकळ्या दिसतात. सुट्या पोकळ्या म्हणजे सावधगिरी. पोकळ्यांची रांग लागली किंवा त्या जुळून चीर झाली, तर नळी बदलण्याची वेळ आली. इथे तापमानाची शिस्त फार महत्त्वाची. ठरल्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापमान कायम राहिले, तर नळीचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते.

कणांच्या सीमा हाच दुबळा दुवा असेल तर त्या काढूनच टाकाव्यात, असा विचार जेट इंजिनाच्या पात्यांसाठी झाला. ती पाती प्रचंड वेगाने फिरतात आणि ज्या वायूत फिरतात तो त्यांच्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही गरम असतो. आतून हवा खेळवून त्यांना थंड ठेवतात आणि निकेलच्या मिश्रधातूचे अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओततात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने अशी पाती भारतात बनवली आहेत.

फ्रेसिने आणि खचणारी कमान

काँक्रीट मात्र या सगळ्या हिशेबात बसत नाही. ते भट्टीत नसते, तरी सरकते. सिमेंट आणि पाणी यांतून तयार होणाऱ्या सूक्ष्म थरांमध्ये पाणी अडकलेले असते. भाराखाली ते पाणी हलते, थर एकमेकांवरून घसरतात.

फ्रान्समधला अभियंता युजीन फ्रेसिने याला हा धडा फार जवळून मिळाला. १९११च्या सुमारास आलिए नदीवर ल व्हर्द्र इथे त्याने तीन सपाट कमानींचा काँक्रीट पूल बांधला. काँक्रीटची लवचीकता कायम असते, असे तेव्हाचे शास्त्र होते. काही महिन्यांतच कमानींचे माथे खाली येऊ लागले आणि थांबेनात. एका रात्री फ्रेसिने सायकलवरून पुलाशी गेला, विश्वासातल्या चार माणसांना उठवले आणि कमानींच्या माथ्याशी पुन्हा जॅक लावून त्या वर उचलल्या. नंतर माथ्याच्या फटी काँक्रीटने भरून टाकल्या. पूल वाचला.

या रात्रीतून आजचे पूर्वप्रतिबलित काँक्रीट जन्मले असे म्हटले तर चूक होणार नाही. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ओढ सोसत नाही. म्हणून त्यात आधीच ताणलेल्या तारा घालून त्याला कायम दाबाखाली ठेवायचे, ही कल्पना फ्रेसिनेच्या आधीही होती. ती फसत असे. साधी पोलादी सळई झेपेल तेवढी ताणली तर मीटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर लांबते. काँक्रीट आकसून आणि सरकून मीटरमागे साधारण तेवढेच आखूड होते. काही महिन्यांत सळई सैल पडते आणि सारी मेहनत वाया जाते. फ्रेसिनेने अतिशय मजबूत पोलादाच्या तारा वापरल्या. त्या मीटरमागे पाच मिलिमीटर ताणता येतात. त्यातला पाऊण मिलिमीटर गेला तरी चारहून अधिक शिल्लक राहतो. १९२८ साली त्याने याचे पेटंट घेतले. आपल्या शहरांतले बहुतेक मोठे उड्डाणपूल या हिशेबावर उभे आहेत.

पलाऊचा पूल

तो हिशेब किती नाजूक आहे हे प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या देशात दिसले. कोरोर आणि बाबेलदाओब या बेटांना जोडणारा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा पूल १९७७ साली पुरा झाला. मधला गाळा सुमारे २४१ मीटरचा, त्या प्रकारात तेव्हा जगातला सर्वांत लांब. काही वर्षांत मध्य खाली यायला लागला. वाक थोड्या वर्षांत थांबेल असा अंदाज होता, तो थांबला नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो दीड मीटरच्या आसपास पोचला. १९९६ साली जादा तारा ताणून दुरुस्ती झाली. त्यानंतर तीनेक महिन्यांत, २६ सप्टेंबर १९९६ रोजी, पूल कोसळला. दोन माणसे गेली. वीज आणि पाणी त्याच पुलावरून जात असल्याने तेही तुटले.

पडण्याचे नेमके कारण काय, दुरुस्तीचा त्यात वाटा किती, यावर वाद झाले. पण वाक इतका का वाढला हे समजायला पुलाची मोजमापे हवी होती, आणि कोर्टकज्ज्यांमुळे ती वर्षानुवर्षे बंद राहिली. काँक्रीटच्या क्रीपवर आयुष्य घालवलेले अमेरिकेतले प्राध्यापक झ्देनेक बाझांत यांनी ती खुली व्हावीत म्हणून प्रयत्न केले. नोव्हेंबर २००७मध्ये बंगळुरूला भरलेल्या स्थापत्य अभियंत्यांच्या जागतिक परिषदेत, मोठ्या पडझडींची तांत्रिक माहिती नैतिक जबाबदारी म्हणून प्रसिद्ध केली पाहिजे, असा ठराव झाला. त्यानंतर दोनेक महिन्यांत पलाऊ सरकारने ती माहिती खुली केली. बाझांत आणि सहकाऱ्यांनी मग इतर देशांतल्या ५०हून अधिक पुलांच्या नोंदीही धुंडाळल्या. त्यांतल्या पुष्कळ पुलांचा वाक दशकांनंतरही थांबलेला नव्हता. अनेक नियमपुस्तिकांतली सूत्रे मात्र तो थांबतो असे धरून चालत होती.

तो ठराव आपल्याच देशात झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात आणि गोव्यात खाड्यांवर, नद्यांवर, रस्त्यांवर मोठ्या गाळ्यांचे काँक्रीट पूल उभे आहेत आणि आणखी उभे राहत आहेत. पूल बांधून झाल्यावर दरवर्षी, शक्यतो एकाच ऋतूत आणि दिवसाच्या एकाच वेळी, त्याच्या मध्याची पातळी मोजणे हे दोन माणसांचे आणि एका उपकरणाचे काम आहे. ती मोजमापे कपाटात न ठेवता संकेतस्थळावर टाकायला तर काहीच खर्च नाही. ज्या संस्था पूल बांधतात आणि सांभाळतात, त्यांनी हे नियमाने करावे. आणि तुमच्या गावचा मोठा पूल दहा-वीस वर्षांचा झाला असेल, तर त्याचा वाक शेवटचा कधी मोजला आणि तो किती भरला, हे नागरिक म्हणून लेखी विचारा.